निकालाची तारीख

"मॅडम, माझं नाव टाकून बघा." खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. पहिलीच ओळ, पतसंस्थेतल्या अपहारप्रकरणी लेखनिकाला अटक. सोबत फोटो, दोन पोलिसांच्या मधे मान खाली घालून उभे असलेले ते. बातमी 2013 सालची.

2019 मध्ये ते निर्दोष सुटले. खटल्यात त्यांची वकील मीच होते. व्हाउचरवरच्या सह्या त्यांच्याच आहेत असं खात्रीनं सांगता येणार नाही, हे हस्ताक्षरतज्ज्ञानं उलटतपासणीत कबूल केलं होतं. निकाल लागला, पेढे वाटून झाले आणि मी फाइल बांधून ठेवली. सुटकेची बातमी कुठेच आली नाही. ती यावी म्हणून मीही काही केलं नाही, याची टोचणी त्या दिवशी लागली. एका गोदामात हिशेबनिसाची नोकरी जवळजवळ ठरली होती. मालकाच्या मुलानं त्यांचं नाव शोधलं आणि पुढे फोनच आला नाही.

"ती बातमी काढूनच टाकायला लावा," ते म्हणाले. रस्ता होता. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. एप्रिल 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं, निर्दोष सुटलेल्या एका माणसाचा निकाल गूगलच्या शोधात दिसू नये, असा अंतरिम आदेश दिला. पण त्यासाठी उच्च न्यायालयात रिट याचिका करायची म्हणजे तारखांवर तारखा, आणि यांना नोकरी आत्ता हवी होती.

निकालाची प्रमाणित प्रत घेऊन आम्ही दोघं वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो. संपादक म्हणाले, "अटक झाली होती. बातमी खोटी नाही." ते खरंच होतं. मलाही ती पुसायची नव्हती. अशी सवय लागली तर ठेवीदारांचे पैसे खरोखर बुडवणाऱ्यांच्या बातम्याही उद्या गायब होतील. मी म्हटलं, "मग निकाल काय लागला तेही तिथेच लिहा." त्यांनी शेवटच्या पानावरचा आदेश आधी वाचला, मग पहिल्यापासून सगळं. बऱ्याच वेळानं त्यांनी ऑपरेटरला हाक मारली.

मथळ्यात 'निर्दोष मुक्तता' आलं, खाली निकालाची तारीख, आणि फोटो निघाला. गूगलवर मात्र जुनाच मथळा दिसत राहिला, कारण त्यांच्याकडे पानाची आधीची नोंद असते. पान बदललं की ती नोंद ताजी करून घ्यायला गूगलचाच एक ऑनलाइन अर्ज आहे, पैसे लागत नाहीत. माझ्याकडे आलेल्या एकाही अशिलाला तो ठाऊक नव्हता. तो भरला.

काही दिवसांनी ते पुन्हा आले. नवी ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली, दोनदा.

"मॅडम, तारीख बरोबर आहे ना? कोर्टाच्या कागदावरचीच?"

मी फाइल काढून त्यांच्यापुढे ठेवली.