ट्रास्टुझुमॅब चालू असताना इको: ईएफ खरंच घसरलं का?

स्तनाच्या कॅन्सरसाठी ट्रास्टुझुमॅब चालू असलेल्या पेशंटचा इको (हृदयाची सोनोग्राफी) करायचा तर मी आधी जुने रिपोर्ट मागवते, आणि जमलं तर क्लिप्सची सीडीही. या औषधाने हृदयाचं पंपिंग कमी होऊ शकतं. म्हणून पहिल्या डोसआधी एक आणि पुढे दर तीन महिन्यांनी एक इको होतो. त्याआधी डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध झालेलं असेल तर धोका वाढतो, तेव्हा त्याचा एकूण डोसही टिपून ठेवते.

ईएफ म्हणजे डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर फेकलं जातं तो आकडा. साध्या टूडी (सपाट चित्राच्या) इकोत त्याच माणसाचं ईएफ दोन वेळा मोजलं तरी 10 अंकांपर्यंत फरक पडू शकतो. 60 चं 52 झालं, तर हृदय थकलं की प्रोब (छातीवर धरायचं यंत्र) सरकला? म्हणून जमेल तिथे थ्रीडी ईएफ घेते, आणि स्ट्रेन प्रत्येक वेळी. स्ट्रेन म्हणजे ठोक्याला हृदयाचा स्नायू किती टक्के आखूड होतो ते; आखूड होतो म्हणून आकडा उणे.

स्ट्रेनसाठी ईसीजी स्वच्छ हवा, फ्रेम रेट सेकंदाला 50 ते 80, आणि चार, दोन व तीन चेंबरचे तिन्ही एपिकल (हृदयाच्या टोकाकडून घेतलेले) व्ह्यू श्वास रोखून. सगळ्यात जास्त फसवतं ते हृदयाचं टोक. प्रोब एक फासळी वर राहिला की टोक कापलं जातं, डावा कप्पा आखूड दिसतो आणि ईएफ उगाच चांगलं येतं. डाव्या बाजूचं ऑपरेशन झालेलं असेल, रेडिएशनने कातडी सोलली असेल, तर प्रोब दाबायचा नाही. जेल भरपूर घ्यायचं, नाहीतर पोटाकडून बघायचं.

बीपी इकोच्या आधीच मोजावं. ते चढलेलं असेल तर स्ट्रेन तेवढ्यानेच कमी येतो. मशीन आणि सॉफ्टवेअरही तेच हवं, कारण वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत.

स्ट्रेन पहिल्यापेक्षा 15 टक्क्यांहून जास्त घटला, म्हणजे उणे 20 चा उणे 16 झाला, तर ईएफ ठीक असलं तरी मी ऑन्कॉलॉजिस्टना त्याच दिवशी फोन करते. तेवढ्यावरून इंजेक्शन थांबवायचं नसतं. हृदयाची औषधं सुरू करण्याचा विचार होतो. ईएफ 16 अंकांनी पडलं, किंवा 10 अंकांनी पडून नॉर्मलच्या खाली गेलं, तर मात्र डोस किमान चार आठवडे थांबवून पुन्हा इको करतात. ट्रास्टुझुमॅबने आलेली घट बहुतेकदा भरून निघते. डॉक्सोरुबिसिनचा तसा भरवसा नाही.

'ईएफ 60 टक्के, नॉर्मल' एवढाच रिपोर्ट पुढच्या वेळी काही कामाचा नसतो. बीपी, मशीनचं नाव, मोजणीची पद्धत आणि मागचा आकडा शेजारी लिहिलेला हवा. पेशंटनेही तो मागून घ्यावा.