तिला कसला श्रावण

रविवार, रात्री साडेदहा. बाहेर धो धो.

आज दुपारी मांजर दादाच्या कपाटाखालून बाहेर आली, पॅसेज ओलांडला आणि स्वयंपाकघरात आईच्या पाटाला पाठ लावून बसली. झालं एवढंच. त्यावर पानभर लिहावं असं त्यात काही नाही, पण जेवण झाल्यापासून घशात काहीतरी अडकलंय. काटा नव्हे. आज काट्याचं नुस्तं (ताजी मासळी) नव्हतंच. पावसाळी मासेमारीबंदी, ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर धक्क्यालाच बांधलेले.

आई किसमुरीसाठी सुकी सुंगटं, म्हणजे कोलंबी, साफ करत होती, पुरुमेंताच्या (पावसाळी बेगमीच्या) डब्यातली. डोकं खुडायचं, शेपटी खुडायची, मधलं ताटात. हात चालू आणि तोंडही चालू. पाववाल्या पोदेरानं परवा उंडे कच्चे दिले, पडवीतलं कौल पुन्हा गळतंय, ह्या घरात कोणाचं लक्ष नाही. मांजराशी नव्हती बोलत. ती नेहमी भिंतीशी बोलते तशीच बोलत होती. आणि ही बया शेपूट पायांभोवती गुंडाळून, डोळे अर्धे मिटून ऐकत होती! मधेच एक खुडलेलं डोकं आईच्या बोटांतून निसटलं (निसटलं म्हणे), ते हिनं हुंगलं, पंज्यानं उलटं केलं, खाल्लं. मी दारातून म्हटलं, अगं त्यात मीठ असतं. आईनं पुढचं डोकं वाटीतल्या पाण्यात बुडवून टाकलं. माझ्याकडे बघितलं मांजरानं. कान मागे गेले.

माझा आवाज ऐकून कान मागे.

बंदी लागली की मार्केटात मासळीचे ओटे निम्मे रिकामे पडतात आणि त्या ओट्यांवर पोसलेल्या मांजरांना कोणी विचारत नाही. पायरीखालून हिला कोणी काढलं? मी. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात टोपली, टोपलीत ही फिस्कारतेय. सगळं घर एकदम दाखवायचं नाही, आधी एकच खोली द्यायची, हे कोणी वाचलं? घमेलं एका कोपऱ्यात आणि खाणं दुसऱ्या टोकाला मी ठेवलं, कारण मांजर विधीच्या जागेशेजारी तोंड लावत नाही. घमेल्यासाठी शेजारच्या बांधकामावरून वाळू मागून आणली, ती ओलीकिच्च, म्हणून जुन्या तव्यावर भाजली. वाळू भाजली मी. शिऱ्याचा रवा भाजायचा मला कंटाळा येतो.

वासाची ओळख व्हावी म्हणून माझा जुना कुर्ता कपाटाखाली सरकवला. सकाळी तो बाहेर. दुसऱ्या दिवशी पुन्हा सरकवला, पुन्हा बाहेर.

आणि डोळे मिचकावणं. २०२० मध्ये इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं की माणसानं डोळे बारीक करून सावकाश मिटले-उघडले तर मांजरंही तसंच करतात, आणि अनोळखी माणसाजवळही जायला तयार होतात. म्हणून ऑफिसातून आले की मी दादाच्या खोलीत फरशीवर बसते आणि कपाटाखालच्या अंधाराकडे बघून डोळे मिचकावते. आईनं एकदा दारातून पाहिलं. ‘डोळ्यांत औषध घालू का?’ म्हणाली.

खोली उघडल्याचं आईनंच दादाला फोनवर सांगितलं. तो जरा वेळ काही बोलला नाही. मग तिकडे थंडी किती आहे ते सांगत बसला, जुलैत. असो.

मनगटावरचा ओरखडा आता बुजत आलाय. घमेलं साफ करताना लागला होता. साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली हात धरला आणि तशीच आरोग्य केंद्रात गेले. गोव्यात रेबीज पुष्कळ आटोक्यात आलाय म्हणतात, पण मार्केटातल्या मांजराचा ओरखडा तो ओरखडाच. लशीच्या कार्डावर ०, ३, ७ आणि २८ असे दिवस लिहून मिळाले. ‘पाळलेलं काय गो?’ नर्सबाईंनी विचारलं. मी ‘होय’ म्हटलं आणि उगाच छाती फुगली. पाळलेलं! ते पाळलेलं कपाटाखालून माझी वाटसुद्धा बघत नव्हतं.

मग आईकडे का गेली?

उत्तर ठाऊक आहे मला. टक लावून बघणारं माणूस मांजराला धोक्याचं वाटतं. जे बघत नाही, हात पुढे करत नाही, आपल्या कामात असतं, त्याच्याजवळ ते आपणहून जातं. आईनं हिच्याकडे धड बघितलंही नव्हतं. ‘देवाच्या खोलीत आली तर बघ,’ एवढंच एक वाक्य तिनं पहिल्या दिवशी टाकलं होतं. सगळं पटतं. पण पटलं म्हणून बोचायचं थांबत नाही, उलट जास्त बोचतं. मी इतकं करते म्हणूनच ती येत नाही, असा त्याचा अर्थ होतो ना? मग कमी करायचं? कमी कसं करतात? मला ते कुठेच जमलेलं नाही, ऑफिसात नाही, आणि त्या आधीच्या घरातही... जाऊ दे ते.

आईकडेच का पण.

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मी श्रावणाचा विषय काढला. आठवड्याभरात लागेल. सोमवार-गुरुवार शिवराक (शाकाहारी) असतंच. श्रावण लागला की चतुर्थी होईपर्यंत आपल्या घरात नुस्तं शिजत नाही, फ्रीजमध्येही राहत नाही. मी पूर्ण तयारीनिशी उभी राहिले, सरकारी वकिलासारखी. मांजराला दूधभातावर ठेवता येत नाही. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला लागतं, ते मांसमच्छीतच असतं. ते नाही मिळालं तर डोळे जातात, हृदय फुगून अशक्त होतं. वाढलेल्या बहुतेक मांजरांना दूधही पचत नाही. तेव्हा आई, तू कितीही...

आईनं वातीचा कापूस खाली ठेवला.

‘तिका कसलो गो श्रावण?’

मी गप्पच. तिनं सगळं ठरवूनही ठेवलं होतं. मागच्या दारी, न्हाणीच्या चुलीवर, वेगळं टोप. तो टोप घरात येणार नाही. मीठ नाही घालायचं, कांदा नाही, लसूण नाही. ‘त्यानं तिचं रक्त बिघडतं म्हणत होतीस ना परवा?’ म्हणजे ऐकते. मी भिंतीशी बोलत असते तेव्हा ही ऐकते. आणि कांदा-लसणाशिवायची मासळी म्हणजे जवळजवळ शिवराकच, असा निकालही तिनं देऊन टाकला.

सातवीत मला टायफॉइड झाला होता. बरी झाल्यावर डॉक्टरांनी अंडं द्या म्हणून सांगितलं, आणि नेमका श्रावण. ते अंडं मी कुळागरापलीकडच्या माईंकडे जाऊन खाल्लं, त्यांच्या पायरीवर बसून, वर हात-तोंड धुऊन घरी यायचं. हे आज अगदी जिभेवर आलं होतं. पण समोर आई, मांडीवर कापूस, आणि पाटाखालून डोकावणारं ते तिरंगी तोंड. मला हसूच यायला लागलं. आईला वाटलं मी श्रावणाला हसतेय.

तशी ती दिसते फार छान. पांढऱ्यावर काळे आणि केशरी ठिगळ, एक केशरी ठिगळ नाकावर वाकडं बसलेलं. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. दोन्ही कानांची टोकं शाबूत, म्हणजे कोणा संस्थेनं पकडून नसबंदीचं ऑपरेशन केलेली दिसत नाही. आणि मांजराचे दिवस नऊ आठवड्यांतच भरतात. बुधवारी डॉक्टरांकडे न्यायचीय.

टोपली धरायला आईनं साफ नकार दिला. ‘माझ्यावर रुसेल ती.’ बघा, एका दुपारीत केवढी इस्टेट झाली ती सांभाळायला! म्हणजे टोपलीत कोंबणारी मी, रिक्षात तिच्या शिव्या खाणारी मी, सुई टोचायला देणारी मी, आणि घरी आल्यावर भिजवलेलं सुंगट घेऊन बसणार ही. बरं. कोणीतरी वाईट व्हावं लागतं. मला त्याची सवय आहे, दादाला विचारा.

मंगळवारी रात्रीपासून तिला उपास, तो आईच्या हातून मोडू नये म्हणून पुरुमेंताचा डबा वरच्या फळीवर ठेवायला हवा. टोपलीत अंथरायला आईचं जुनं लुगडं मागून घेतलंय. माझ्या कुर्त्यावर ती बसायची नाही. आई म्हणते, धुऊन घाल. मी नाही धुणार, धुतलं की वास जाईल.