मैदानाला कुलूप, गोदाम चालू

१८ एप्रिल २०२१ च्या रविवारी सकाळी कॅनडातील ब्रॅम्प्टनमधील आमच्या घराजवळच्या बागेत फिरायला गेलो, तेव्हा घसरगुंडीवर दोन लहान मुले खेळत होती आणि तिथून पन्नास पावलांवर असलेल्या क्रिकेटच्या सरावाच्या नेटच्या दाराला साखळी घालून कुलूप लावलेले होते. शुक्रवारी ओंटॅरिओ प्रांताच्या सरकारने कोविडच्या साथीमुळे दोन्ही बंद केली होती; शनिवारी लोकांचा संताप पाहून घसरगुंडी पुन्हा उघडली, नेट मात्र बंदच राहिले. घसरगुंडी एका दिवसात धोकादायक कशी ठरली आणि दुसऱ्या दिवशी निर्धोक कशी झाली, हे त्या मुलांच्या आईने मला विचारले असते, तर माझ्याकडे उत्तर नव्हते.

तो शुक्रवार, १६ एप्रिल, इथे राहणाऱ्यांच्या लक्षात राहिला आहे. त्या दिवशी प्रांतात ४,८१२ नवे रुग्ण नोंदले गेले आणि तज्ज्ञांनी पुढच्या काही आठवड्यांचे जे आलेख दाखवले, ते पाहून छातीत धडकी भरली. त्याच दुपारी प्रीमियर डग फोर्ड यांनी, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मुख्यमंत्र्यांनी, घरीच राहण्याचा आदेश २० मेपर्यंत वाढवला, गोल्फची मैदाने, टेनिस आणि बास्केटबॉलची कोर्टे, फुटबॉलची मैदाने बंद केली, घराबाहेर दुसऱ्या कुटुंबातील माणसांना भेटण्यावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली आणि रस्त्यावरच्या कोणालाही थांबवून ‘कुठे निघालात, राहता कुठे’ असे विचारण्याचा अधिकार पोलिसांना दिला. अनेक शहरांच्या पोलीस दलांनी आम्ही असे काही करणार नाही, असे स्वतःहून जाहीर केल्यामुळे तो अधिकारही दुसऱ्याच दिवशी मागे घ्यावा लागला. चालणे, धावणे, सायकल चालवणे एवढे मात्र चालू होते.

इथल्या हिवाळ्याचा अनुभव नसलेल्या वाचकाला एका कुलपाचे एवढे काय, असे वाटू शकेल. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मैदान एकतर गोठलेले असते किंवा बर्फाखाली असते, एप्रिलमध्ये ते ओले असते आणि खरे क्रिकेट मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांतच उरकावे लागते. आधीच्या वर्षीची निम्मी मोसम साथीत गेली होती. म्हणून आमच्या शनिवार-रविवारच्या संघाच्या सचिवांनी आमदारांना, म्हणजे प्रांतीय विधानसभेतील आमच्या प्रतिनिधींना, पाठवायच्या पत्राचा मसुदा तयार केला: मैदानी खेळ ताबडतोब सुरू करावेत, क्रिकेटच्या लीगला परवानगी द्यावी. सह्या करायच्या की नाही, हे ठरवण्यासाठी २५ एप्रिलच्या रविवारी संध्याकाळी झूमवर बैठक झाली आणि ती अडीच तास चालली. संघाच्या वार्षिक सभेलाही इतका वेळ कधी कोणी दिलेला नाही.

आमचे कर्णधार पुराव्यांची यादीच घेऊन बसले होते. चीनमधील ३१८ उद्रेकांच्या एका अभ्यासात उघड्यावर झालेला उद्रेक केवळ एक सापडला आणि त्यात दोनच माणसे बाधित झाली होती, तर जपानमधील अभ्यासकांच्या प्राथमिक हिशेबानुसार बंद जागेत एका रुग्णाकडून पुढे संसर्ग जाण्याची शक्यता मोकळ्या हवेच्या तुलनेत जवळजवळ एकोणीस पट होती. याउलट फ्लोरिडातील टँपा इथे जून २०२० मध्ये आइस हॉकीच्या एका सामन्यानंतर २२ खेळाडूंपैकी १४ जण आजारी पडले, पण तो सामना छपराखाली, बर्फाच्या थंड आखाड्यात झाला होता. आणि आमच्याच प्रांतातील हॅमिल्टनमध्ये एका जागी उभ्या सायकली चालवण्याच्या व्यायामशाळेत सगळे नियम पाळूनही ८० हून अधिक जणांना लागण झाली, तीही बंद खोलीत. मी डॉक्टर नाही, वय झालेला ऑफ स्पिनर आहे. तरीही विषाणू श्वासातल्या सूक्ष्म कणांवरून पसरतो, बंद खोलीत ते कण साचत जातात आणि उघड्यावर वारा त्यांना पांगवून टाकतो, एवढे मला समजत होते. क्रिकेटमध्ये गोलंदाज आणि फलंदाज यांच्यात तर बावीस यार्ड असतात.

चेंडूवरून थोडा विनोद झाला. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी जून २०२० मध्ये संसदेत क्रिकेटच्या चेंडूला रोगाचा नैसर्गिक वाहक म्हटले होते आणि पुढच्याच महिन्यात तिथले हौशी क्रिकेट सुरूही झाले होते: दर सहा षटकांनंतर हात निर्जंतुक करायचे, चेंडू पुसायचा, चहापान नाही, कपडे घरूनच बदलून यायचे. चेंडूला लाळ लावण्यावर आयसीसीने आधीच बंदी घातली होती. आमच्यातल्या एकाने, ज्याचा चेंडू कधी स्विंग झालेला कोणी पाहिला नाही, आता आपण सगळे सारखेच झालो, असे जाहीर केले.

मग ताई बोलल्या. त्या आमच्या यष्टिरक्षकाच्या पत्नी, ब्रॅम्प्टनमधील एका रुग्णालयात श्वसनोपचार तज्ज्ञ आहेत, म्हणजे कृत्रिम श्वसनयंत्रावरच्या रुग्णांची देखभाल हेच त्यांचे काम. खरे तर त्या बैठकीला नव्हत्याच. पाळीवर निघण्यापूर्वी पतीच्या मागून जाताना थांबल्या. त्या दिवसांत प्रांतातील अतिदक्षता विभागांत कोविडचे रुग्ण ९०० च्या घरात पोचत होते, आमच्या भागातील रुग्ण शेकडो किलोमीटर दूरच्या शहरांत हलवले जात होते आणि टोरांटोच्या सिककिड्स या मुलांच्या रुग्णालयाने प्रौढ रुग्णांसाठी खाटा उघडल्या होत्या. ताईंनी यातले एकही वाक्य उच्चारले नाही. त्या म्हणाल्या, “तुमचा चेंडू कोणाला मारणार नाही, हे मला माहीत आहे. पण मैदान उघडले की लोकांना वाटते, संपले एकदाचे. आधी बेड रिकामे होऊ देत, दादा, मग खेळा.” यावर अर्धा मिनिट कोणी बोलले नाही.

मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते, की त्या संध्याकाळचा सगळ्यात वजनदार आक्षेप तोच होता. सरकारचा आक्षेपही मुळात त्याच जातीचा होता. पुढे १३ मे रोजी आदेश आणखी वाढवताना फोर्ड यांनी स्वतःच सांगितले, की गोल्फ खेळण्यात काही चूक नाही, पण मित्र एकमेकांना गाडीत घेऊन जातात आणि खेळ झाल्यावर एकत्र बसून पितात, अडचण तिथे आहे. या म्हणण्यावर बरीच टीका झाली, मात्र ते पूर्णपणे खोटे नव्हते. आमच्या संघाबद्दल प्रामाणिकपणे सांगायचे तर सामन्याला आम्ही एका गाडीत पाच जण जात असू, जेवणाचा डबा एकच असे आणि सामना संपल्यावर ज्याच्या घरी बसायचे त्याच्या तळघरात अकरा माणसे तीन तास असत. संसर्ग झालाच असता, तर त्या तळघरात झाला असता.

परंतु हाच युक्तिवाद उलट बाजूनेही तपासून पाहायला हवा, आणि ते काम बैठकीत आमच्या डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाने केले. पंचविशीतला हा मुलगा एका मोठ्या गोदामात रात्रपाळी करतो आणि तिघांबरोबर भाड्याच्या तळघरात राहतो. तो सहसा बैठकांत बोलत नाही. त्याने विचारले, “काका, मी रात्रभर शेकडो लोकांबरोबर एका छपराखाली पेट्या उचलतो, ते चालते, सकाळी घरी येऊन तिघांबरोबर एका खोलीत झोपतो, तेही चालते, मग या दोन्हींच्या मधला एक तास मी रिकाम्या मैदानावर एकट्या फलंदाजाला चेंडू टाकला, तर तेवढाच गुन्हा कसा?”

माझे मत त्या क्षणी पक्के झाले. ज्यांच्या घरामागे अंगण आहे, त्यांच्यासाठी मैदान बंद होणे ही गैरसोय आहे. जे तळघरात राहतात, त्यांच्यासाठी मैदान हेच अंगण आहे. प्रांताच्या विज्ञान सल्लागार मंडळाने २० एप्रिलच्या निवेदनात नेमके हेच मांडले होते: सुरक्षित अशा मैदानी हालचालींना आडकाठी करून साथ आटोक्यात येणार नाही, उलट ज्यांना स्वतःची मोकळी जागा नाही आणि जे दाटीवाटीने राहतात, त्यांना आणि मुलांना त्याचा अधिक त्रास होईल. साथ आटोक्यात आणायची तर खरोखर अत्यावश्यक नसलेली कामाची ठिकाणे बंद करा, आजारी कामगाराला पगारी रजा द्या आणि जिथे रुग्ण जास्त आहेत तिथे लस आधी पोचवा, असे ते मंडळ सांगत होते. आमच्या पील विभागाच्या आरोग्य खात्याने आधी केलेल्या एका पाहणीत तर लागण झालेल्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा लोक लक्षणे असतानाही कामावर गेले होते, असे दिसले होते. घरी बसले तर भाडे कोण भरणार? पीलने आणि टोरांटोने एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात ज्या कामाच्या ठिकाणी दोन आठवड्यांत पाच किंवा अधिक संबंधित रुग्ण सापडतील ते किमान दहा दिवस बंद ठेवण्याचा आदेश काढला. प्रीमियरांनी २२ तारखेला आपले चुकले, घाई झाली, असे जाहीरपणे कबूल केले आणि २८ एप्रिलला तीन दिवसांची पगारी रजा, दिवसाला जास्तीत जास्त २०० डॉलर या मर्यादेत, जाहीर झाली. साथ सुरू होऊन तोवर वर्ष उलटून गेले होते. नेटला कुलूप लावायला मात्र एक रात्र पुरली होती.

शेजारचा क्वेबेक प्रांत पाहिला तर गोंधळ आणखी वाढे. तिथे जानेवारीपासून रात्रीची संचारबंदी होती, म्हणजे निर्बंध काही बाबतींत आमच्याहून कडक, आणि तरीही गोल्फ चालू होते. अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियातही ते चालू होते. इथे टिल्सनबर्गजवळच्या एका गोल्फ मैदानाने आदेश झुगारून दार उघडले आणि लोकांनी तिथे रांगा लावल्या. त्या मैदानाची बाजू मला घेववत नाही. नियम चुकीचा असला, तरी रुग्णालये भरलेली असताना प्रत्येकाने आपापला नियम तयार करायचा, हे ताईंच्या डोळ्यांत पाहून म्हणता येणार नाही.

हे सगळे चालू असताना, २२ एप्रिलच्या रात्रीपासून कॅनडाने भारतातून येणारी प्रवासी विमाने थांबवली होती. संघातील निम्म्या लोकांचे आईवडील तिकडे होते आणि फोन वाजला की हात थरथरत. अशा आठवड्यात नेटच्या कुलपावरून वाद घालण्याची लाज वाटत नव्हती, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. पण त्याच आठवड्यात मला असेही उमगले, की त्या फोनांच्या मध्ये जो एक तास मोकळ्या हवेत मिळतो, त्यावरच पुढचा दिवस निभावत असे. मी तेव्हा रोज सहा किलोमीटर चालत होतो आणि निम्मे अंतर नेटच्या कुंपणाभोवती काढत होतो.

बैठकीच्या शेवटी मी पहिल्या मसुद्यावर सही करायला नकार दिला. लीग सुरू करा, असे त्यात होते आणि लीग म्हणजे गाड्या, डबे, प्रेक्षक, तळघर. दुसरा मसुदा रात्री अकराला तयार झाला: फक्त नेट उघडावीत, एका नेटमध्ये एक फलंदाज आणि एक-दोन गोलंदाज, प्रत्येकाचा चेंडू वेगळा, स्वतःच्या गाडीतून किंवा चालत यायचे, वेळ आधी ठरवून घ्यायची, आणि पगारी रजेची मागणी त्याच पत्रात. क्रिकेटच्या पत्रात रजेचे काय काम, असे म्हणून तिघांनी सही केली नाही. कर्णधारांनी केली. ताईंच्या पतीने ‘उद्या घरी विचारून सांगतो’ असे सांगितले, ते शेवटपर्यंत सांगितले नाही. पत्राला उत्तर आले ते छापील होते आणि त्यात आमच्या एकाही मुद्द्याचा उल्लेख नव्हता.

२० मे रोजी सरकारने तीन टप्प्यांत निर्बंध उठवण्याचा आराखडा मांडला आणि पहिल्या टप्प्याचीही वाट न पाहता, व्हिक्टोरिया डेच्या जोडून आलेल्या सुटीआधी, शनिवार २२ मेपासून गोल्फ, टेनिस, बास्केटबॉल आणि इतर मैदाने जास्तीत जास्त पाच जणांसाठी उघडली. सामने आणि प्रशिक्षण वर्ग यांना परवानगी नव्हती; संपर्क टाळून लीग खेळण्याची मुभा ३० जूनला, दुसऱ्या टप्प्यात आली.

त्या शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही पाच जण नेटपाशी उभे होतो. सहावा रस्त्यापलीकडे आपल्या गाडीत काचा वर करून, पॅड बांधून बसला होता, कोणी निघाले की त्याने आत यायचे असे ठरले होते. डावखुरा मुलगा रात्रपाळीवरून थेट आला होता. त्याच्या अंगात अजून गोदामाचे नारिंगी जाकीट होते. त्याने सात महिन्यांनंतरचा पहिला चेंडू टाकला, तो फलंदाजापासून एवढा दूर गेला की बाजूच्या जाळीत अडकून वरच राहिला आणि कोणी कोणाच्या चेंडूला हात लावायचा नाही हा आमचाच नियम असल्यामुळे तो काढायला त्यालाच धावत यावे लागले.