रिकाम्या झालेल्या जागेवर जाताना

भूतानच्या पूर्व भागातल्या एका सरकारी शाळेत अकरावी-बारावीला गणित शिकवण्यासाठी माझी करारावर निवड झाली, तेव्हा अभिनंदन करणाऱ्या बहुतेकांना त्या देशाविषयी दोनच गोष्टी ठाऊक होत्या: तिथे आनंद मोजतात आणि डोकलाम तिथेच कुठेतरी आहे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण आपल्या वर्तमानपत्रांत भूतान येतो तो याच दोन निमित्तांनी, आणि एरवी पर्यटनाच्या पुरवणीत पारोजवळच्या कड्यावरच्या मठाच्या छायाचित्रासोबत. ज्या देशातल्या मुलांसमोर रोज उभे राहायचे, त्या देशात या घडीला लोक कशावर बोलतात, कशावर चिडतात आणि कशावर गप्प बसतात, हे ठाऊक नसताना तिथे जाऊन फळ्यापुढे उभे राहणे मला बरे वाटेना. म्हणून गेले काही महिने उत्तरपत्रिका तपासून झाल्या की रात्री मी भूतानच्या बातम्या वाचत बसते.

माझा पहिला प्रश्न सरळ पोटापाण्याचा होता. जेमतेम सात-आठ लाख वस्तीच्या आणि पारो व सामत्से इथे स्वतःची अध्यापक महाविद्यालये असलेल्या देशाला सांगलीहून गणिताची शिक्षिका कशाला लागावी? उत्तरासाठी फार खोलात जावे लागले नाही, कारण तीच त्या देशातली गेल्या काही वर्षांतली सर्वांत मोठी बातमी आहे. कोविडनंतर सीमा उघडल्या आणि भूतानमधली शिकलीसवरलेली तरुण माणसे मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाला, त्यातही पर्थला, जाऊ लागली. त्यातली रूढ वाट अशी की नवराबायकोपैकी एकाने इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा देऊन तिथल्या एखाद्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा, विद्यार्थी व्हिसा काढायचा, आणि दुसऱ्याने जोडीदार म्हणून सोबत जाऊन मिळेल ते काम धरायचे. काम वृद्धाश्रमातले असो, गोदामातले असो वा साफसफाईचे असो, तिथली ताशी मजुरी आणि थिंफूमधला महिन्याचा पगार यांची बरोबरीच होत नाही. आता ही परीक्षा ज्यांचे इंग्रजी चांगले त्यांना सोपी जाते, आणि चांगले इंग्रजी येणाऱ्यांत शिक्षक साहजिकच पुढे. त्यामुळे गळतीचा मोठा फटका बसला तो शाळांना आणि रुग्णालयांना. थोडक्यात, मी ज्या खुर्चीवर बसणार आहे ती बहुधा पर्थला गेलेल्या कुणाची तरी आहे.

केवळ पगार कमी म्हणून शिक्षक गेले, असे म्हणावे तर तेही पुरते खरे नाही. डॉ. लोटे शेरिंग यांच्या सरकारने 2019 मध्ये शिक्षकांचे आणि वैद्यकीय कर्मचाऱ्यांचे वेतन असे वाढवले की त्याच श्रेणीतल्या इतर सरकारी नोकरांपेक्षा त्यांना अधिक मिळू लागले. आपल्याकडच्या विनाअनुदानित शाळांत वर्षानुवर्षे राबणाऱ्या शिक्षकांना हे ऐकून हसावे की रडावे ते कळणार नाही. तरीही माणसे गेली. मला वाटते, देशातल्या देशात कोण वरचढ याला महत्त्व तोवरच असते, जोवर बाहेरचे दार बंद असते. दार उघडले की तुलना शेजारच्या टेबलाशी होत नाही, ती परदेशातून चुलतभावाने पाठवलेल्या पैशांशी होते. ऑक्टोबर 2024 मध्ये राजे जिग्मे खेसर नामग्येल वांगचुक स्वतः ऑस्ट्रेलियाला गेले, तेव्हा त्यांना भेटायला आणि ऐकायला हजारो भूतानी माणसे जमली होती. आपल्या प्रजेला भेटायला राजाने सातासमुद्रापार जावे, ही गोष्ट त्या देशाच्या आजच्या स्थितीबद्दल पुष्कळ काही सांगते.

बातम्यांसाठी मी मुख्यतः ‘कुएन्सेल’ वाचते. 1967 मध्ये सरकारी पत्रिका म्हणून सुरू झालेले आणि 1986 पासून वर्तमानपत्राच्या रूपात निघणारे हे तिथले सर्वांत जुने पत्र. अग्रलेख संयमाचे, भाषा नेमस्त आणि टीका असलीच तर ‘याचाही विचार व्हावा’ अशा सुरातली. माझा लोभ जडला तो मात्र त्यातल्या जाहिरातींवर. एका अंकात करारावर शिक्षक हवेत अशी सूचना होती, विषय गणित, भौतिकशास्त्र आणि संगणक. आणि त्याच अंकात परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या एका संस्थेची रंगीत जाहिरात, कागदपत्रांपासून व्हिसापर्यंत सगळे करून देण्याच्या हमीसह. अग्रलेखाने जे सावधपणे चार परिच्छेदांत मांडले असते, ते या दोन चौकटींनी एका नजरेत सांगितले. आपल्याकडे याच्या नेमके उलटे चित्र आहे. डी.एड., बी.एड. होऊन आणि टीईटी पार करून हजारो मुलेमुली पवित्र पोर्टलच्या याद्यांकडे डोळे लावून बसली आहेत, नाहीतर तासिका तत्त्वावर दिवस काढत आहेत. एका बाजूला शिक्षकाला शाळा मिळत नाही आणि दुसऱ्या बाजूला शाळेला शिक्षक मिळत नाही, अशा दोन टंचायांच्या मधल्या फटीतून माझ्यासारखीची वाट निघाली आहे.

अर्थात भूतानला बाहेरचे शिक्षक नवे नाहीत. तिथे आधुनिक शाळा सुरू झाल्या त्या सुरुवातीच्या काळात शिकवण्याचे माध्यम चक्क हिंदी होते, कारण पुस्तके आणि शिक्षक दोन्ही भारतातून येत. साठच्या दशकात इंग्रजी माध्यम आले आणि पुढची काही दशके केरळमधल्या शिक्षकांनी दुर्गम गावांतल्या शाळा चालवल्या. 1963 मध्ये आलेले कॅनडाचे जेझुइट धर्मगुरू विल्यम मॅकी यांनी ट्राशिगांगला शाळा उभी केली, आणि जवळच्या कांगलुंगमधल्या शेरुबत्से या संस्थेशीही त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. नंतर भूतानने स्वतःचे शिक्षक घडवले आणि परक्यांची गरज हळूहळू कमी होत गेली. आज पन्नाशीत असलेल्या भूतानी अधिकाऱ्याला त्याचा मल्याळी मास्तर आठवतो, विशीतल्याला आठवत नाही. आणि त्या विशीतल्याच्या धाकट्या भावंडांना आता पुन्हा भारतीय शिक्षक मिळणार आहेत. अशाच एका मल्याळी शिक्षकांशी माझे फोनवर बोलणे झाले. ते सध्या पूर्व भूतानमध्येच विज्ञान शिकवतात. हवामान, भाज्यांचे भाव, गॅसची सोय हे सगळे विचारून झाल्यावर मी म्हटले, “सर, मुले राजकारणावर काही बोलतात का?” ते हसले आणि म्हणाले, “मॅडम, मुले राजकारणावर बोलत नाहीत. ती विचारतात की आयईएलटीएसला किती गुण पुरतात.” त्यांच्या वर्गात आईवडील पर्थला आणि स्वतः आजीजवळ, अशी मुले आहेत, हेही त्यांनी सांगितले.

राजकारण मी थोडक्यातच समजून घेतले, कारण ते खरोखर आटोपशीर आहे. चौथ्या राजांनी, जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी, कुणी मागणी केलेली नसताना राजसत्तेला मर्यादा घालण्याचा मार्ग निवडला आणि 2006 मध्ये पुत्राच्या हाती राज्य सोपवले; 2008 मध्ये पहिली लोकसभा निवडणूक आणि राज्यघटना दोन्ही आल्या. मतदान दोन फेऱ्यांत होते: पहिल्या फेरीत सगळे पक्ष, दुसऱ्या फेरीत पहिले दोनच. भिक्षूंना आणि धर्मगुरूंना मत देता येत नाही. आजवर एकाही सत्ताधारी पक्षाला मतदारांनी लागोपाठ दुसरी संधी दिलेली नाही. गेल्या खेपेला तर सत्तेवरचा पक्ष पहिल्याच फेरीत बाद झाला, आणि जानेवारी 2024 मधल्या अंतिम फेरीत 47 पैकी 30 जागा जिंकून शेरिंग तोबगे पुन्हा पंतप्रधान झाले. ते 2013 ते 2018 या काळातही त्या पदावर होते. सरकारे बदलत राहतात आणि लोकांचा खरा भरवसा राजावर राहतो, हे तिथल्या बातम्या सलग वाचल्यावर हळूहळू लक्षात येते.

माझ्या वर्गाशी थेट संबंध असलेल्या दोन घडामोडी मात्र सविस्तर सांगायला हव्यात, कारण दोन्हींकडे मी या गळतीवरचे उत्तर म्हणून पाहते. पहिली म्हणजे गेलेफू. आसामच्या सीमेला लागून असलेल्या या सखल भागात सिंगापूरपेक्षाही मोठ्या क्षेत्रावर नवे शहर वसवण्याची घोषणा राजांनी 17 डिसेंबर 2023 रोजी, राष्ट्रीय दिनी, केली. त्याला स्वतंत्र कायदे करता येणारे खास प्रशासन आहे, आणि कोक्राझारपासून गेलेफूपर्यंत 69 किलोमीटरचा रेल्वेमार्ग बांधण्याचे भारताने सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर केले आहे. तरुणांना देशातच चांगल्या नोकऱ्या मिळाव्यात आणि गेलेल्यांनाही परतावेसे वाटावे, हा त्यामागचा उघड हेतू. शहर उभे राहीपर्यंत माझे आजचे विद्यार्थी पंचविशी ओलांडतील, त्यामुळे त्यांच्या निर्णयाला त्याचा किती उपयोग, याविषयी मी साशंक आहे. दुसरी घडामोड ग्यालसुंगची. अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी सक्तीची आणि लष्करी प्रशिक्षणाने सुरू होणारी ही राष्ट्रसेवा. तिची पहिली तुकडी सप्टेंबर 2024 मध्ये दाखल झाली. बारावीच्या वर्गावर शिकवणाऱ्याला हे ठाऊक असलेच पाहिजे, कारण आपल्याकडे बारावीनंतर सीईटी की जेईई असा जो विचार घरोघरी चालतो, त्यात तिथे आधी या सेवेचा हिशेब बसवावा लागतो.

आता गप्प बसण्याच्या गोष्टींविषयी. वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या आंतरराष्ट्रीय यादीत भूतान 2022 मध्ये 33वा होता आणि 2024 मध्ये 147वा. दोन वर्षांत एखाद्या देशाचा स्वभाव इतका पालटत नाही. मोजण्याची पद्धत बदलल्याचा त्यात वाटा आहेच. तरी वाचताना जाणवते ते हे की पत्रे सरकारी जाहिरातींवर जगतात आणि समाज इतका लहान आहे की ज्याच्याविरुद्ध लिहायचे तो कुणाचा ना कुणाचा नातेवाईक निघतो. म्हणून मी ‘कुएन्सेल’च्या जोडीला ‘द भूतानीज’ हे साप्ताहिक वाचते, जे थोडे अधिक खणते, आणि काही विषयांसाठी नेपाळमधली पत्रे वाचते.

त्या काही विषयांतला सर्वांत मोठा म्हणजे दक्षिणेकडचे नेपाळीभाषक, ल्होत्शाम्पा. 1985 चा नागरिकत्व कायदा, त्यानंतरची जनगणना आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची धामधूम यांतून लाखाच्या घरात माणसे देश सोडून पूर्व नेपाळमधल्या छावण्यांत गेली. पुढे 2007 पासून त्यांतल्या बहुतेकांना तिसऱ्या देशांनी, मुख्यतः अमेरिकेने, सामावून घेतले. हा इतिहास संपला असे वाटत असताना 2025 मध्ये अमेरिकेने यांपैकी काहींना भूतानला परत धाडले, आणि तिथून सीमेबाहेर काढले गेल्यावर भारतातून वाट काढत ते पुन्हा नेपाळच्या त्याच छावण्यांत पोचल्याच्या बातम्या आल्या. सकल राष्ट्रीय आनंदाच्या कौतुकात हे पान नेहमी गळते. वर्गात हा विषय मी काढणार नाही. पाहुण्या शिक्षिकेने वाद उकरून काढले तर ती स्वतः सुखरूप सांगलीला परतते आणि निस्तरावे लागते मुलांना. परंतु पटावर गुरुंग किंवा राई अशी आडनावे दिसली की त्या घरांमागे कोणता काळ उभा असू शकतो याचे भान असलेले बरे. निदान ‘तुमचे मूळ गाव कुठले’ असा आपल्याकडे सहज विचारला जाणारा प्रश्न मी तिथे सहज विचारणार नाही.

आणि भारताविषयी? भूतानच्या तेराव्या पंचवार्षिक योजनेसाठी भारताने 10,000 कोटी रुपये देऊ केले आहेत, न्गुलत्रुम या तिथल्या चलनाचे मोल रुपयाबरोबर बांधलेले आहे आणि तिथल्या नद्यांवरची वीज आपण विकत घेतो. हे आकडे सांगताना आपला सूर नकळत थोरल्या भावाचा होतो. तिथल्या माणसांच्या लक्षात मात्र 2013 चा जुलैही आहे, जेव्हा दोन फेऱ्यांच्या मधल्या ऐन प्रचारात भारताने स्वयंपाकाच्या गॅसवरचे आणि केरोसिनवरचे अनुदान थांबवले, सिलिंडरचा भाव एकदम भडकला आणि निवडणुकीचा रंग बदलला. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले, पण चुलीशी निगडित गोष्ट कुणी विसरत नसते. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना कुणी हा विषय काढलाच तर मी भारत सरकारची वकिली करणार नाही, एवढे ठरवले आहे.

एका प्रश्नावर मात्र बरेच दिवस मन ठरत नव्हते. एखादी हुशार मुलगी ऑस्ट्रेलियातल्या प्रवेशासाठी शिफारसपत्र मागायला आली तर? माझी नेमणूक गळती भरून काढण्यासाठी, आणि मीच पुढच्या गळतीवर सही करायची, यात विसंगती उघड आहे. त्या मल्याळी सरांना मी हेही विचारले. ते म्हणाले, “मी देतो. गणितात तिला किती येते तेवढेच लिहितो, तिने कुठे राहावे ते लिहीत नाही.” मीही तसेच करीन. शेवटी मीसुद्धा अधिक पगाराच्या नोकरीसाठी माझे गाव सोडूनच तिथे निघाले आहे, आणि माझ्याही अर्जाला इथल्या मुख्याध्यापकांनी काही न विचारता सही करून दिली होती. फेब्रुवारीत तिथल्या शाळा सुरू होतात. त्याआधी परवान्याची कागदपत्रे गुवाहाटीमार्गे सामद्रूप जोंगखारच्या प्रवेशद्वारी दाखवायची आहेत, आणि बारावीच्या अभ्यासक्रमातला सांख्यिकीचा भाग अजून नजरेखालून घालायचा राहिला आहे.