आरएक्स-१००च्या टाकीचे पोचे: रंगाला हात न लावता घालवलेले चार रविवार

गाडी १९९४ची, यामाहा आरएक्स-१००, काळी. टाकीवरचा रंग कंपनीचा, एकदाही पुन्हा मारलेला नाही. जूनमध्ये सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणाची तरी स्कूटर कलली, तिने आमची पाडली आणि आमची जाऊन कठड्यावर आपटली. टाकीला तीन पोचे. डावीकडे गुडघ्याजवळ तळहाताएवढा, पण उथळ. उजवीकडे वरच्या अंगाला, हँडल जिथे येऊन टेकतं तिथे दोन रुपयांच्या नाण्याएवढा आणि चांगलाच खोल. तिसरा खाली, वेल्डिंगच्या जोडाला लागून, चिमटा काढल्यासारखी घडी.

डेंटिंगवाल्याने टाकी हातात न घेताच निकाल दिला: लांबी (पुट्टी) भरू, घासू, रंग मारू, दोन दिवसांत नवी. नवी होईल यात शंका नव्हती, पण मला जुनी हवी होती. तीस वर्षं उन्हापावसात टिकलेला रंग एकदा खरवडला की परत आणता येत नाही.

पहिला रविवार: टाकी उतरवणे आणि पेट्रोलची भीती

सीट काढली, टाकीचा मागचा बोल्ट काढला, पेट्रोलच्या कॉकची नळी सोडवली आणि टाकी मागे ओढून उचलली. हे दहा मिनिटांचं काम. पुढचं मात्र घाईने करू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. जळते ती वाफ, आणि हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असली की एक ठिणगी पुरते. नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत नेमका तोच मसाला सापडू शकतो. वास येत नाही म्हणजे वाफ नाही असं समजू नये, नाकाला सवय होते.

कॉक आणि झाकण काढून टाकी गच्चीवर सावलीत दोन दिवस उघडी ठेवली. मग भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने तीनदा खळखळून धुतली. पोच्यावर गरम गोंदाने प्लास्टिकचा टॅब चिकटवून तो बाहेर ओढायचा, असा बेत होता. गोंद वितळवणारी ग्लू गन मात्र टाकीत काठोकाठ पाणी असल्याशिवाय जवळ आणायची नाही, हा नियम शेवटपर्यंत पाळला.

लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून टाकीभर फिरवला. सगळीकडे सारखाच चिकटला, म्हणजे आत कुठे जुनी लांबी नाही. ही तपासणी टाळू नका. लांबीवरचा रंग टॅब ओढल्यावर पापडासारखा उचलून येतो.

मधल्या आठवड्यात: तांबट आळी

ऑफिसमधून येताना पुण्याच्या कसबा पेठेत वाकडी वाट केली. तांबट आळीत अजून मठारकाम चालतं. तांब्याच्या हंड्यावर एकाला एक लागून ठोके पडतात. त्या चकाकणाऱ्या टिकल्या शोभेच्या वाटतात, पण त्या ठोक्यांनीच पत्रा कडक होतो. एका काकांना मोबाईलमधला टाकीचा फोटो दाखवला. त्यांनी फोटो मोठा केला आणि पोच्याच्या भोवतालच्या कडेवर बोट ठेवलं. म्हणाले, "खड्डा नंतर बघ. आधी ही वर आलेली कड उतरव, तीच त्याला धरून बसलीय."

घरी येऊन टाकीवर बोटं फिरवली. मोठ्या पोच्याभोवती खरंच एक कडं उठलेलं होतं, डोळ्यांना न दिसणारं पण बोटांना लागणारं. मार बसला तिथला पत्रा खाली गेला आणि त्याने ढकललेला भवतालचा पत्रा वर येऊन अडकला. हे कडं तसंच ठेवून मधे कितीही ओढलं तरी पोचा अर्धा येतो आणि परत बसतो. काकांकडे आणखी एक सोय असते जी माझ्याकडे नव्हती. तांबं ठोकून कडक झालं की ते भट्टीत तापवून परत मऊ करतात. माझ्या पत्र्यावर रंग आहे, तो तापवायचा कसा? म्हणजे मोजकेच ठोके, मोजकीच ओढ.

दुसरा रविवार: डावा पोचा

मोठा आणि उथळ म्हणून आधी हा घेतला. किट ऑनलाइन मागवलेलं: ग्लू गन, प्लास्टिकचे टॅब, दोन पायांचा ब्रिज (मधला स्क्रू आवळला की टॅब वर येतो) आणि सळईवर सरकणारं वजन असलेला स्लाइड हॅमर. ठोकण्यासाठीची प्लास्टिकची कांडी फार टणक वाटली, म्हणून तिच्या टोकाला जुन्या पट्ट्याचं चामडं दोन थर चिकटवलं.

पोचा दिसणार कसा, हा खरा प्रश्न. खास पट्ट्यांचे दिवे मिळतात, पण मला खिडकीचे गज पुरले. टाकी खिडकीसमोर अशी ठेवली की गजांचं प्रतिबिंब पोच्यावरून जावं. सपाट पत्र्यावर गज सरळ, खड्ड्यात आणि कड्यावर वाकडे. काळा रंग काहीच लपवत नाही. एरवी त्याचा वैताग येतो, त्या दिवशी उपकार वाटले.

आता या नोंदीतली माझी एकमेव स्वतःची युक्ती. रंग कोमट असला तर पत्र्याबरोबर वाकतो, गार असला तर तडकतो. सगळे हेअर ड्रायर वापरतात. मी टाकीत गिझरचं पाणी भरलं, हात जेमतेम सहन करेल इतपत गरम, झाकण उघडं. एका दगडात तीन पक्षी: वाफेला आत जागा उरत नाही, रंग सगळीकडे सारखा कोमट राहतो आणि दहा लिटर पाण्याच्या वजनाने टाकी जागची हलत नाही.

जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, टॅबला गोंद लावून चिकटवला आणि थांबलो. गोंद गरम असताना ओढला तर च्युइंगगमसारखा ताणतो, अगदी गार झाला तर टक्कन सुटतो. बोटाला कोमट लागला की ओढायचा. कोमट टाकीवर याला तीन-साडेतीन मिनिटं लागत होती. ब्रिजने हळूहळू वर घ्यायचं, मग कड्यावर कांडीने टिचकीएवढे ठोके, मग खिडकीकडे बघायचं. ओढ, ठोक, बघ. टॅब काढताना त्याच्या कडेला अल्कोहोलचे थेंब सोडले की गोंद आपोआप सुटतो, नखाने उचकटायची गरज नाही.

सुमारे वीस खेपांत ऐंशी टक्के पोचा वर आला. पट्ट्याच्या स्टिकरवर टॅब लावला नाही, तो गोंदाबरोबर निघून आला असता. तिथे फक्त बाजूने ओढलं.

तिसरा रविवार: माती खाल्ली

उरलेले वीस टक्के काढायच्या हौसेने स्लाइड हॅमर हातात घेतला आणि एक दणका जास्त दिला. खड्ड्याच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढी टेकडी. टेकडी खड्ड्यापेक्षा वाईट, कारण ती दुरून चमकते. तासभर चामड्याच्या टोकाने बारीक ठोके देत ती बसवली. तिथे पत्रा थोडा ताणला गेलाय, अंगठ्याने दाबला तर डब्याच्या झाकणासारखा किंचित टिणकतो. माझी चूक, माझ्याच टाकीवर.

उजव्या पोच्यासाठी रात्री आठ मिलिमीटरची सळई वाकवली, टोक कानशीने गोल केलं आणि वर हीट-श्रिंकची (तापवली की आवळणारी) नळी चढवली. पाणी काढून, झाकणाच्या तोंडाला रबर लावून, तिथे टेकू घेत सळई आत घातली. तोंडातून फक्त वरचा भाग हाती लागतो, खाली मधला बोगदा (टाकी फ्रेमवर बसावी म्हणून तळाला असलेली पोकळ खाच) आडवा येतो. सळईचं टोक नेमकं कुठे आहे हे कळेपर्यंत अर्धा तास गेला. हलकं दाबायचं आणि गजांच्या प्रतिबिंबात कुठे थरथरतं ते बघायचं. निम्मा पोचा वर आला. मग पोच्याच्या तळाशी रंगात केसाएवढी तडा दिसली. ती आधीची की माझी, सांगता येत नाही. सळई बाहेर काढली.

हवेबद्दल

हे वाचून कोणी हमखास सुचवणार, टाकी बंद करून कॉम्प्रेसरने हवा भर, पोचे आपोआप बाहेर येतात. कृपा करून करू नका. टाकीची एक बाजू ३० बाय २० सेंटिमीटर धरली तर एक बार दाबाला तिच्यावर सहाशे किलोंहून जास्त जोर येतो. हवा पोचा शोधत बसत नाही, जिथे पत्रा कमजोर तिथे फुगते. बहुतेक वेळा मधला बोगदा आत दबतो आणि टाकी फ्रेमवर बसतच नाही. जोड फुटला तर पत्र्याचा तुकडा कुठे जाईल ते सांगायला नको. ड्रायरने तापवून बर्फ लावण्याचा प्रकारही करून पाहिला, तिसऱ्या पोच्यावर. टाकी ओली झाली.

चौथा रविवार: परत बसवणे

तिसरा पोचा तसाच ठेवला. घडी पडलेला पत्रा ओढून सरळ होत नाही, आणि जोडाजवळ जोर लावून गळती विकत घ्यायची इच्छा नव्हती. तो खाली आहे, गाडीवर बसल्यावर दिसत नाही. आतून पाण्याचा थेंबही राहू नये म्हणून टाकी दिवसभर उन्हात पालथी घातली, मग पावशेर पेट्रोलमध्ये टूटी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल घालून सगळीकडे फिरवलं आणि ते ओतून टाकलं. नाहीतर ओल्या पत्र्यावर गंज रातोरात धरतो. रंगाला सिलिकोन नसलेलं पॉलिश मारलं. तडेवर नेलपॉलिशच्या बारीक ब्रशने क्लिअरचा (पारदर्शक रंगाचा) एक थेंब सोडला, पाणी आत शिरू नये म्हणून.

टाकी बसवून दोन लिटर पेट्रोल भरलं. डावीकडे आता फक्त मलाच दिसतं, तेही संध्याकाळी ट्यूबलाइटखाली. उजवीकडे कोणालाही दिसेल. रिझर्व्हवर टाकून चालू केली, तिसऱ्या किकला लागली. आणि खाली बघतो तर कॉकचा वॉशर टपकतोय.