आमची वाटचाल : नव्या मुलांचे पहिले सहा महिने

नवी मुंबईच्या रबाळे एमआयडीसीत आमचा सीएनसी टर्निंगचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर धातूचे भाग कापण्याचा, कारखाना आहे. व्हॉल्व्हचे स्पिंडल, पंपाच्या स्लीव्ह, बुश अशी पितळेची आणि स्टेनलेसची कामं. माणसं पन्नासच्या आत. कामाला घेतलेला नवा मुलगा परवडतो की नाही हे इथे पहिल्या सहा महिन्यांत ठरतं, आणि भरतीसाठी मिळणाऱ्या सरकारी पैशाचं गणितही तिथेच अडतं.

केंद्राच्या २०१६ च्या योजनेत नव्या कामगाराच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे मालकाचा पेन्शनचा हिस्सा, सरकार भरायचं. एप्रिल २०१८ पासून मालकाचा पूर्ण १२ टक्के. ऑक्टोबर २०२० पासून कोविडनंतरची योजना आली. दोन्हींत सवलत पीएफच्या भरण्यातच मिळायची. १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत मात्र भरणा आधी पूर्ण करायचा आणि पैसे नंतर मिळतात. त्यामुळे सहा महिन्यांचा खर्च खिशातून करायची तयारी हवी.

अट अशी की पन्नासपेक्षा कमी कामगार असतील तर बेसलाइनवर (आधीच्या कामगारसंख्येवर) किमान दोन माणसं वाढवायची, पन्नास किंवा जास्त असतील तर पाच, आणि ती किमान सहा महिने टिकली पाहिजेत. पीएफचा पगार (ज्या पगारावर पीएफ मोजतात तो) दहा ते वीस हजारांत असेल तर मालकाला माणशी महिना २,००० रुपये, वीस हजारांच्या वर ३,०००, आणि दहा हजारांपर्यंत जास्तीत जास्त १,०००, तेही पगाराच्या प्रमाणात. मुदत दोन वर्षं. उत्पादन क्षेत्राला तिसरं आणि चौथं वर्षही मिळतं. पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्या मुलालाही एका महिन्याचा पगार, कमाल १५,०००, दोन हप्त्यांत मिळतो: एक सहा महिन्यांनी, दुसरा बारा महिन्यांनी आणि आर्थिक साक्षरतेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर.

पीएफ वाचवायला बेसिक (मूळ पगार) कमी दाखवण्याची सवय इथे अंगलट येते. पीएफचा पगार १५,००० धरला तर मालकाचा हिस्सा १,८००, विमा आणि प्रशासकीय खर्चाचे १५०, एकूण १,९५०. समोरून येतात २,०००, म्हणजे पीएफ भरून निघाला. तोच पगार ९,००० दाखवला तर भरणा ७८० रुपयांनी कमी होतो, पण प्रोत्साहन हजाराच्या आत येतं. शिवाय मुलाचा पीएफही घटतो, तो वेगळाच.

रुजू होण्याच्या दिवशी आम्ही आधार, दहावीची मार्कलिस्ट आणि पासबुक शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळवतो. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, हा नेहमीचा घोळ. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मुलाचा हप्ता अडकतो. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) सरकारी उमंग अ‍ॅपवर चेहरा पडताळून काढायचा असतो, तो मुलाच्याच मोबाइलवर आणि आमच्यासमोर. त्याआधी एक प्रश्न हमखास विचारावा: सुट्टीत मॉलमध्ये, गोदामात, ठेकेदाराकडे काम केलंय का? तिथे पीएफ कापला गेला असेल तर यूएएन आधीच निघालेला असतो आणि पहिल्या नोकरीचा लाभ जातो. पुढे दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत ईसीआर, म्हणजे पीएफचं महिन्याचं ऑनलाइन विवरणपत्र, भरायचं.

राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा उपयोग आम्हाला मुलं पारखण्यासाठी जास्त वाटतो. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन थेट मुलाच्या खात्यात येतं. मुदत आधी सहा महिने होती, नंतर अकरा झाली. हजेरी आपल्यालाच ऑनलाइन भरायची असते. ती राहिली तर विद्यावेतन अडकतं, आणि मुलं नाराज होतात ती आपल्यावर. प्रशिक्षणार्थी कामगार नसल्याने त्याचा पीएफ निघत नाही, म्हणून नंतर पटावर घेतला की तो पहिल्यांदा नोकरी करणाराच ठरतो.

आता टिकण्याचं. नव्या मुलाला पहिला महिना मशीनच्या कंट्रोलला हात लावू देत नाही. डिबरिंग (कापलेल्या कडांची कुसळं काढणं) आणि व्हर्नियर, मायक्रोमीटरने मापं घेणं एवढंच. मायक्रोमीटर थिंबलने (फिरत्या नळीने) दाबला की रीडिंग खोटं येतं; टोकाचा रॅचेट दोन-तीनदा टकटक वाजेपर्यंत फिरवायचा, ही सवय बोटांत बसायला वेळ लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जॉब (कापायचा तुकडा) लावणं-काढणं आणि इन्सर्ट (टूलची बदलायची धार) बदलणं. ऑफसेट (टूलच्या जागेची बारीक दुरुस्ती) चौथ्या महिन्यात, तोही सुपरवायझर शेजारी उभा असताना, कारण ०.०५ ऐवजी ०.५ टाकलं तर टूल जॉबमध्ये घुसतं. पाचव्या महिन्यापासून मुलगा स्वतःचा पगार कमावतो. म्हणजे तिसऱ्या महिन्यात गेला तर शिकवणंही गेलं आणि प्रोत्साहनही.

मुलं जाण्याचं मोठं कारण पगार नसून प्रवास आहे, असं आमचं ठाम मत आहे. सकाळी सातच्या पाळीला कल्याणपलीकडून येणारा मुलगा ठाण्याला गाडी बदलतो; पावसाळ्यात खाडे सुरू होतात आणि मग नोकरी सुटते. म्हणून कळवा, दिघा, ऐरोली, घणसोली इथल्या मुलांना प्राधान्य. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्थानक सुरू झाल्यापासून त्या बाजूची मुलं वेळेवर पोचतात. दोन जागा असल्या तरी आम्ही तीन मुलं घेतो. एक गेला तरी अट मोडत नाही.

विकसित भारत रोजगार योजना ३१ जुलै २०२७ पर्यंत निर्माण झालेल्या नोकऱ्यांसाठी आहे. आयटीआयच्या अंतिम परीक्षा त्याच सुमारास येतात, त्यामुळे २०२७ च्या बॅचवर विसंबून चालणार नाही. आमच्या पुढच्या दोन लेथसाठी टर्नर आणि मशिनिस्ट ट्रेडची मुलं आम्ही २०२६ च्या बॅचमधूनच घेणार आहोत.