अंक नसलेला कागद

ख्रिस्ती पाळकांसाठी आणि मंडळीत उपदेशाची सेवा करणाऱ्या वडील व भगिनींसाठी भरणारे आमचे तीन दिवसांचे वार्षिक शिबिर यंदाही पार पडले. प्रारंभीची प्रार्थना, स्वागत, अहवालवाचन हे सारे नेहमीप्रमाणे झाले. गेली अनेक वर्षे मी या शिबिराच्या व्यवस्थेत आहे, आणि मनापासून वाट पाहतो ती दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या सत्राची.

त्या सत्रात प्रत्येकाला शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, एक उतारा हाताने लिहून दिला जातो आणि त्यावर अध्यायांचे वा वचनांचे अंक नसतात. अध्यायांची आजची विभागणी १३ व्या शतकाच्या आरंभी पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झालेले स्टीफन लँग्टन यांनी केली, तर नव्या करारातील वचनांना आजचे अंक फ्रेंच मुद्रक रोबेर एतिएन यांच्या १५५१ च्या आवृत्तीत मिळाले. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्काच्या लेखणीखाली यांपैकी काहीच नव्हते. हे आम्ही दरवर्षी सांगतो, पण तो कागद हाती आल्याशिवाय ते उमगत नाही.

यंदा मार्काच्या शुभवर्तमानातील, गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांचा, म्हणजे अगदी लहान नाण्यांचा, उतारा होता. स्त्रियांच्या सभेत वर्षानुवर्षे त्यावरून दानाविषयी बोलत आलेल्या एक भगिनी तो मोठ्याने वाचू लागल्या. विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांविषयी येशू बोलतो, तो भाग वाचून त्या विधवेपर्यंत आल्या आणि थांबल्या. त्यांचे बोट सावकाश मागच्या ओळीवर गेले आणि ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली. पुढे, मंदिराचे भव्य दगड दाखवणाऱ्या शिष्याला येशू सांगतो की येथे दगडावर दगड राहणार नाही. छापील शास्त्रात १२ वा अध्याय विधवेपाशी संपतो आणि हे बोलणे १३ व्यात जाते, म्हणून ते जोडून वाचायचे राहून जाते. त्या म्हणाल्या, "तिने सर्व दिले, हे मी सांगत आले. तिच्यापाशी एवढेच का उरले होते, हे मी कधी विचारले नाही." मग त्यांनी दहा मिनिटे उपदेश केला. विधवेची भक्ती त्यात तसूभरही उणी झाली नाही, मात्र प्रश्न दानपेटी सांभाळणाऱ्यांकडे वळला. असा उपदेश ऐकला की माझे डोळे भरून येतात.

तो ऐकायला आमचे ज्येष्ठ पाळक हवे होते. प्रारंभाला व्यासपीठावर जागा पुरत नाही आणि दुसऱ्या दुपारी पुढच्या दोन रांगा रिकाम्या असतात, याचे मला दरवर्षी वाईट वाटते.

रात्री उशिरा येणाऱ्यांसाठी दाराशी जागणारे दोघे तरुण, अंथरुणे मोजून देणारे आणि मोजून परत घेणारे वडील, स्वयंपाकघरातील भगिनी, शिकणाऱ्या मातांची लेकरे तीन दिवस सांभाळणाऱ्या मुली, पैशापैशाचा हिशेब ठेवणारे खजिनदार, आणि यादीत नाव नसतानाही शेवटच्या सायंकाळी सगळ्या खुर्च्या उचलून ठेवणारे ते गृहस्थ, या सर्वांचा मी ऋणी आहे. सर्वाधिक ऋण आहे ते ठळक अक्षरांत ते कागद लिहून देणाऱ्या निवृत्त शिक्षकांचे. पुढच्या वर्षासाठी त्यांनी यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २९ वा अध्याय आताच उतरवायला घेतला आहे, तोही बाबेलात नेलेल्या यहूदी बंदिवानांना धाडलेल्या पत्राच्या अगदी पहिल्या ओळीपासून, म्हणजे ११ व्या वचनातील आशेवर उपदेश करू पाहणाऱ्याला आधी १० व्या वचनातील बाबेलची ७० वर्षे वाचावीच लागतील.